दुसऱ्या पलंगावरची मुलगी

आमच्या अश्लेषाचं नाव त्या आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेसाठी पक्कं झालं तेव्हा अकोल्यात नुकतेच कूलर लागले होते. मी कॉलेजातून घरी आले तर शेषराव अंगणात पाइप धरून कूलरमध्ये पाणी भरत होते आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून कुणाला तरी सांगत होते, "हो, हो, व्हिएतनामले. साठ-सत्तर देशाच्या पोरी येऊन राहिल्या." टाकी भरून पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत होतं. त्यांचं लक्षच नव्हतं.

हेच शेषराव, माझे यजमान, वर्षभरापूर्वी म्हणाले होते, "वकिलाची पोरगी लोकाइले चालून दाखवीन काय?" मग पेपरात तिचा फोटो आला आणि त्यांनी कोर्टातल्या बाररूममध्ये पेढे वाटले.

अश्लेषा चार वर्षं अमरावतीला माझ्या बहिणीकडे, अनुपमाकडे राहून फॅशन डिझाइन शिकली. पहिला मुकुट तिला तिथल्याच एका कार्यक्रमात मिळाला. मग नागपूर, मग मुंबई. मुंबईच्या ट्रेनरबाईंनी तिचं चालणं, बसणं, हसणं सगळं नव्यानं बसवलं, आणि बोलणंही. 'मले', 'तुले', 'काहून' गेलं. घरी आली की पोरगी "मला भूक लागली आहे" असं म्हणायची. शेषराव तिची नक्कल करून हसायचे. मी स्वतः जीवशास्त्राची शिक्षिका, घरातही पुस्तकी बोलणारी, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

स्पर्धा तीन आठवड्यांची होती. हॉटेलात दोन-दोन मुलींना एक खोली. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर अश्लेषानं फोन फिरवून खोली दाखवली, खिडकीबाहेरचा समुद्र दाखवला आणि दुसऱ्या पलंगावर बसलेली मुलगी दाखवली. "ही इलोना. माझी रूममेट."

इलोनाच्या देशाचं नाव मी तोवर फक्त नकाशात वाचलं होतं. ती अश्लेषापेक्षा उंच होती, खांदे रुंद, डोळे मधाच्या रंगाचे, समोरच्या दोन दातांत बारीक फट. अश्लेषा सांगत होती की तिला इंग्रजीसुद्धा धड येत नाही, दोघी खाणाखुणांनी बोलतात. इलोनानं हात जोडले आणि "नमस्ते" म्हणाली. गोड वाटली.

पुढचा फोन मी केला, दुपारचा, त्यांच्या तालमींमधल्या सुटीत. इलोनानं उचलला.

"काकू, जेवल्या का?"

मी हसले. "अश्लेषानं शिकवलं वाटतं?"

"हो," ती म्हणाली. "अश्लेषा अंघोळीले गेली. काय केलं होतं जेवाले?"

मी सांगितलं, भरीत-भाकरी. तिनं मान हलवली, जणू भरीत तिच्या ओळखीचं होतं. थोड्या वेळानं अश्लेषा केस पुसत आली तेव्हा मी म्हणाले, "तुझी मैत्रीण छान बोलते गं. किती शिकवलंस इतक्यात!"

"मी कुठे शिकवलं?" ती म्हणाली. "आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो, आई."

तेव्हा मी ते सोडून दिलं. काही मुलांना भाषा पटकन येतात, असे विद्यार्थी मी पाहिलेत.

त्यानंतरच्या कॉलवर अश्लेषा एका शब्दापाशी अडली. "आई, मी ते विसरले आणायला... आपण डोक्याला लावतो ते..."

"तेल," मागून इलोना म्हणाली, माझ्या आधी.

"हां, तेल." अश्लेषा कपाळ चोळत हसली. "दिवसभर इंग्रजी बोलून डोकंच चालत नाही."

मग हे वाढत गेलं. प्रत्येक वेळी पडद्यावर अश्लेषा थोडी मागे असे आणि इलोना थोडी पुढे. अश्लेषा 'हो', 'नाही', 'बरी आहे' एवढंच बोले. तेही उच्चार सांभाळून, परक्या भाषेतलं पाठ केलेलं बोलावं तसं. इलोना मात्र घरभर चौकशी करायची. तुळशीले पाणी घालता का, बाबाची शुगर तपासली का, अनुपमा मावशीचा गुडघा कसा हाये. शेषराव तिच्याशी खळखळून हसत बोलायचे. एकदा फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "पोरगी वाळली बाप्पा. तिकडचं जेवण मानवून नाही राहिलं तिले."

"कोण वाळली?"

"कोण म्हणजे? आपली."

"अहो, आत्ता तुमच्याशी इलोना बोलत होती. अश्लेषा मागच्या पलंगावर झोपली होती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही विनोद केला होता आणि तो त्यांना कळला नव्हता. मग चष्मा पुसत ते आत गेले.

शेवटचा फोन अंतिम फेरीच्या दिवशी दुपारी आला. पडद्यावर अश्लेषा होती. केसांना रोलर लावलेले, अर्धा मेकअप झालेला. मला बघताच ती बोलायला लागली, भराभर, श्वास न घेता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मला त्यातला एक शब्द कळला नाही. ती भाषा मी जन्मात ऐकली नव्हती.

"मराठीत बोल," मी म्हणाले. "नाहीतर इंग्रजीत बोल. बेटा, काय झालं?"

ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिची घाई ओसरली आणि तिथं एक ओशाळं हसू आलं, चुकून भलत्याच माणसाला फोन लागल्यावर येतं तसं. तिनं नम्रपणे मान लववली आणि फोन दुसऱ्या पलंगाकडे दिला.

"बोल, आई," इलोना म्हणाली. "ती काहून रडून राहिली, तिलेच माहीत नाही."

मुलींना स्पर्धेला पाठवणाऱ्या मुंबईच्या ऑफिसात मी फोन लावला. तिथल्या मुलीनं मला समजावलं, की सगळ्या मुलींवर ताण असतो, अश्लेषा एकदम मजेत आहे, आत्ताच तिच्याशी बोलणं झालं.

संध्याकाळी शेषरावांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. शेजारपाजारचे सगळे हॉलमध्ये जमले होते. 'इंडिया' अशी घोषणा झाली आणि मी जठारपेठेत शिवून घेतलेला ब्लाउज घालून, माझ्या लग्नातला मोरपंखी शालू नेसून इलोना चालत आली. छातीवर भारताचा पट्टा. टाळ्यांनी हॉल दणाणला.

"ही ती नाही," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. शेजारच्या वहिनींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मेकअपनं वेगळी दिसते हो पोर. आईले वाटतेच तसं."

बऱ्याच वेळानं इलोनाच्या देशाचं नाव आलं आणि माझी मुलगी स्टेजवर आली. चेहऱ्यावर ते ट्रेनरबाईंनी बसवलेलं हसू. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. कुणीतरी म्हणालं, ही पण छान आहे, कुठली आहे?

मुकुट दोघींनाही मिळाला नाही.

*

अकोला स्टेशनवर ढोल होते, हार होते. सकाळची गाडी. डब्याच्या दारात ती उंच मुलगी दिसली आणि लोकांनी अश्लेषाच्या नावानं आरोळ्या दिल्या. ती खाली उतरली, आधी बापाच्या पाया पडली, मग माझ्या. तिच्या अंगाला गाडीचा आणि कसल्याशा परक्या साबणाचा वास होता. शेषराव लहान मुलासारखे रडत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण सगळे बघत होते.

घरी मी भिंतीवरचा अश्लेषाचा पदवीचा फोटो काढून तिच्या शेजारी धरला. शेषरावांना म्हणाले, "नीट बघा." त्यांनी नीट पाहिलं, उलटतपासणीत पुरावा पाहतात तसं. "मग?" ते म्हणाले. मला फोटोत एक मुलगी दिसत होती आणि समोर दुसरी. त्यांना एकच दिसत होती.

मी कान दाखवले. आनुवंशिकता शिकवताना मी वर्षानुवर्षं आमच्याच घरचं उदाहरण देत आले होते. माझी कानाची पाळी गालाला चिकटलेली, शेषरावांची तशीच, अश्लेषाचीही तशीच. या मुलीच्या पाळ्या मोकळ्या होत्या, लोंबत्या. शेषरावांनी तिच्या कानाला हात लावला, मग स्वतःच्या. "साधना," ते हळू आवाजात म्हणाले, "तूच म्हणते ना, हे आता इतकं सरळ मानत नाहीत म्हणून?"

ते खरं होतं. मीच म्हणत असे.

"डीएनए करू," मी म्हणाले.

शेषरावांचा चेहरा काळवंडला. पण ती मुलगी भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाली, "करू ना, बाबा. आईचं समाधान होईन. उद्याच जाऊ."

रात्रभर मी विचार केला आणि सकाळी नको म्हणाले. रिपोर्ट वेगळा येईल याची मला भीती नव्हती. तो जुळेल याची होती.

आता एकच जागा उरली होती. अनुपमानं अश्लेषाला चार वर्षं सांभाळलं होतं. तिच्या तापात उशाशी बसली होती. माझ्यापेक्षाही अलीकडची अश्लेषा तिला जास्त माहीत होती. शिवाय ती स्पर्धा बघू शकली नव्हती; गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. मी तिला आधी काहीही सांगितलं नाही. मुलीला घेऊन सकाळच्या एसटीत बसले.

मूर्तिजापूर मागे पडलं. उन्हानं खिडकीची काच तापली होती. मुलीनं स्वतःची ओढणी घडी करून माझ्या आणि काचेच्या मध्ये धरली. "ऊन लागून राहिलं तुले," म्हणाली. अश्लेषा बसमध्ये कायम कानात इयरफोन घालून बसायची.

मी तिला हळूच विचारलं, "तू कोण आहेस?"

ती बराच वेळ बाहेरच्या नांगरून ठेवलेल्या शेतांकडे बघत राहिली. ओठ हलले. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असावी, असं वाटलं.

"असं नको विचारत जाऊ, आई," ती शेवटी म्हणाली. "मले मंग भेव वाटते."

आणि तिला खरोखर भीती वाटत होती. तिनं माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

अमरावतीला राजापेठेत उतरून रिक्षा केली. अनुपमा वॉकर घेऊन दाराशी आली. मी मुद्दाम बाजूला सरले. अनुपमानं त्या मुलीकडे पाहिलं. पाहतच राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्ही...?" अनुपमा म्हणाली.

मी तिचा दंड घट्ट धरला. "बोल. अनु, बोल. कोण दिसतंय तुला?"

मुलगी पुढे झाली. "मावशी," ती म्हणाली, "गुडघा दुखते का अजून?"

अनुपमाच्या कपाळावरची आठी पुसली गेली. मी ती जाताना पाहिली. फळ्यावरची ओळ ओल्या फडक्यानं पुसावी, तशी.

"अगं बाई, माझी पोट्टी!" अनुपमानं वॉकर सोडून दिला आणि तिच्या गळ्यात पडली. "उन्हात डोळे दिपले माझे. ओळखूच नाही आली पहिल्यांदा."

मी पायरीवर बसले. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. शेजारच्या गच्चीवर कुणी सांडगे वाळत घातले होते, त्यांचा वास येत होता.

*

पाऊस लागला. कॉलेज सुरू झालं. मी शिकवते, घरी येते. आनुवंशिकतेचा धडा यंदा मी दुसऱ्या शिक्षकांना दिला.

इलोनाच्या देशातल्या सौंदर्यस्पर्धेचं पान मी फोनवर रोज उघडून बघायचे. तिथं अश्लेषाच्या स्वागताचे फोटो होते. गळ्यात पांढरी फुलं, भोवती नाचणारी माणसं. त्या गर्दीत एक बाई होती, माझ्याच वयाची, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. ती एकटीच अश्लेषाकडे बघत होती आणि हसत नव्हती.

तिचं नाव मी फोटोखालून शोधून काढलं. तिला इंग्रजीत लिहिलं: 'ही तुमची मुलगी आहे का?' संदेश पोचला. तिनं पाहिला. उत्तर आलं नाही.

दिवस गेले. मग एका दुपारी तिनं नवा फोटो टाकला. स्वयंपाकघर, ओट्यावर पीठ सांडलेलं. ती बाई अश्लेषाला हातानं घास भरवत होती आणि अश्लेषानं डोळे मिटून तोंड उघडलं होतं. ती बाई हसत होती, अगदी मनापासून.

त्याच संध्याकाळी तिचं उत्तर आलं. मोडक्या इंग्रजीत, दोन छोटी वाक्यं.

'आता आहे. तुमचीही होईल.'

मी ते परत परत वाचलं. मग पुसून टाकलं. घरात माझा फोन पोरगी कधीही हातात घेते. तिनं वाचलं असतं तर तिला उगाच वाईट वाटलं असतं.