एका वेळी एकच

सालोमीने ओढला होता एकच नॅपकिन. आला अख्खा गठ्ठा.

नंदाखालला तिच्या मावसबहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. टेबलावर स्टीलचा ग्लास, ग्लासात पंख्यासारखे दुमडून खोचलेले गुलाबी कागदी नॅपकिन. तिने एकाचं टोक चिमटीत धरलं, हळूच ओढलं — आणि गुलाबी थवा उडाला तो थेट समोरच्या तरुणाच्या ताटात उतरला. कोंबडीच्या रश्श्यात कागद कसा विरघळतो, ते दोघांनी थोडा वेळ शांतपणे पाहिलं.

"एवढे नको होते मला," तो म्हणाला.

"मलापण एकच हवा होता. सॉरी... खरं म्हणजे माझं कामच हे आहे."

"लोकांच्या ताटात नॅपकिन टाकायचं?"

"ते पडू नयेत म्हणून डबे बनवायचं. एका वेळी एकच नॅपकिन देणारे डबे."

त्याने ताटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "काम नवीन आहे वाटतं तुमचं."

काम नवीन नव्हतं. सालोमी वालीवच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात डिझायनर होती. तिची आई पाहुण्यांना 'कॉम्प्युटरवर असते' एवढंच सांगून विषय बदलायची. पण ह्या माणसाच्या डोळ्यांत थट्टा होती, तशी उत्सुकताही होती, आणि बाहीवर तिच्यामुळे उडालेला रस्सा होता. तेव्हा काहीतरी देणं लागत असल्यासारखी ती सांगत सुटली.

"बघा, घड्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. मागून स्प्रिंग गठ्ठ्याला ढकलते, पुढून तोंडाची कड अडवते. ढकलणं जास्त झालं तर चार येतात. अडवणं जास्त झालं तर फाटतो. दोन्ही जमलं की पहिला जाताना दुसऱ्याला हात धरून दारापर्यंत आणतो... आणि तिथे सोडून जातो."

"बिचारा दुसरा," तो म्हणाला. इतक्या मनापासून, की सालोमीला त्या कागदाचा हेवा वाटला.

त्याचं नाव प्लासिड. पापडीला चर्चच्या मागच्या गल्लीत तो आणि त्याची आई खाणावळ चालवत. "माझं गिऱ्हाईक दोन भाकऱ्या खातं आणि मूठभर नॅपकिन नेतं," तो म्हणाला. "तुमचा डबा एकदा आमच्याकडे लावून बघा की."

डबा कुठेतरी लावून बघायचाच होता. तो वांद्र्याच्या हॉटेलात लावायचं ठरलं होतं, हे सालोमी त्या क्षणी विसरली.

सोमवारी ती डबा घेऊन निघाली. कारखान्यातल्या तिच्या टेबलावर दोन डबे होते, अगदी सारखे — एक चाचणीसाठी, एक नुसता शोकेसमध्ये ठेवायला. त्या दिवशी तिने लिपस्टिक लावली होती, त्यामुळे बाकी कशाकडे तिचं लक्ष नव्हतं. हे पुढे महत्त्वाचं ठरेल.

खाणावळ छोटीशी. कोपऱ्यातलं टेबल खिडकीला लागून, खिडकीला निळा पडदा, पडद्यापलीकडे केळीची बाग. त्या टेबलावर कोणी बसत नसे. ती प्लासिडच्या वडिलांची, आलोशियसची जागा. ते गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात वारले होते. तेव्हापासून त्याची आई लिली स्वयंपाक करायची, वाढायची, पण बोलायची नाही. हसण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"डबा ह्या टेबलावर ठेवू," प्लासिड म्हणाला. "नॅपकिनसाठी उठून यावं लागलं की माणूस विचार करून घेतो."

आणि डबा चालला! एक माणूस, एक नॅपकिन. ना फाटला, ना अडकला. सालोमी निरीक्षणासाठी रोज येऊ लागली. निरीक्षणाला कोकम सरबत लागे, नंतर चहा लागे, आणि तुम्हीचं तू कधी झालं ते निरीक्षणातून निसटलं.

"तू डब्याकडे बघतेस की माझ्याकडे?"

"डब्याकडे. तू मधे येतोस."

"मग सरकतो."

"...नको. राहू दे."

एका दुपारी जेवणं उरकली होती. गल्ली सामसूम. केळीचं एक पानसुद्धा हलत नव्हतं. दोघं शेजारच्या टेबलावर चहा पीत बसले होते, आणि प्लासिडने साखर ढवळता ढवळता तिच्या बांगडीला चमचा लावून टिंग् केलं. ती काहीतरी लाडिक बोलणार, एवढ्यात —

सर्र...

कोपऱ्यातल्या डब्यातून एक नॅपकिन बाहेर आला. आपोआप. तो खाली पडला नाही. हवेत थांबला, कोणी धरल्यासारखा. मग सावकाश चुरगळला. त्यावर एकामागून एक पिवळे डाग उमटले. आणि तो टेबलावर टेकला, कोणीतरी ठेवावा तसा.

सालोमीच्या मानेवर काटा आला. पण तिची नजर गेली डब्याच्या तोंडाकडे.

"पुढच्याचं टोक बाहेर आलंय बघ," ती कुजबुजली. "किती सुंदर ओढला!"

"सालोमी... तिथे कोणी नाहीये."

"ते दिसतंय मला. पण ओढण्याचा कोन बघ. गिऱ्हाइकांना जन्मात जमला नाही."

प्लासिडने तो कागद उलगडला. हळदीची बोटं होती. चार. तीन लांब, एक तोकडं.

"पप्पांचं मधलं बोट... नारळ सोलताना कोयत्याने अर्धं गेलं होतं." तो म्हणाला. "पण हे पप्पा नसणार. पप्पांनी आयुष्यात नॅपकिन वापरला नाही. हात पुसायचे ते ह्या पडद्याला."

"मग दुसरं कोणीतरी असेल."

दोघांनी ह्या शक्यतेचा विचार केला आणि पप्पाच असावेत असं मनोमन ठरवलं.

आतून लिली आली. तिने कागद पाहिला. बोटं पाहिली. खुर्ची ओढून बसली.

"आख्खा संसार मी ह्या पडद्यापायी भांडन केलं," ती म्हणाली. मूळची पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, तिच्या तोंडात ण बसत नसे. "हात धू, पानी तिथं हाय, तर नाय. आता शिकला बाबा. मेल्यावर शिकला!"

आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. प्लासिड बघतच राहिला, जणू नॅपकिनपेक्षा हेच भूत मोठं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लिली कोपऱ्यात ताट वाढू लागली. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. ताटातलं काही कमी होत नसे. नंतर प्लासिड ते चाखून बघायचा, तर त्यातलं मीठ तेवढं गेलेलं. त्या खुर्चीशी उभं राहिलं की भर उन्हाळ्यात घोट्यांना गार लागायचं. मग सर्र... एकच. नेहमी एकच.

आणि लिली आता गिऱ्हाइकांवर ओरडू लागली होती. "वाटीत भात कोन टाकून गेलं रे?" गल्लीला हायसं वाटलं.

सालोमीला मात्र वाटेना. कारखान्याच्या संग्रामसरांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "शनिवारी डबा परत आण. लगेच साचा कापायला देतोय. एकदा साचा कापला की बदल नाही. आणि न ओढता एक जरी नॅपकिन बाहेर आला असेल, तर डिझाईन बाद. मग तू साबणाच्या डब्यांवर."

हे तिने प्लासिडला सांगितलं. तो बराच वेळ टेबल पुसत राहिला. एकच टेबल.

"डबा नेऊ नकोस," तो शेवटी म्हणाला.

"दुसरा आणून देते. अगदी असाच."

"दुसऱ्यात येतील पप्पा?"

ह्याचं उत्तर डब्याच्या कुठल्याही आराखड्यात नव्हतं. पण सालोमीच्या मनात वेगळाच प्रश्न रुतला होता, आणि तो बाहेर आलाच.

"रोज मला थांबवतोस, चहा पाजतोस... ते डब्यासाठी?"

प्लासिडने फडकं खाली ठेवलं. "आई हसायला लागलीय, सालोमी..."

उत्तर खरं होतं. फक्त त्या प्रश्नाचं नव्हतं. तिने पर्स उचलली. "शनिवारी येते न्यायला." बाहेर पडताना तिला वाटलं — अडवणं जास्त झालं की असंच फाटतं.

शनिवारी दुपारी ती आली तेव्हा लिलीने कोपऱ्यातलं ताट वाढून ठेवलं होतं. डब्याकडे न बघता ती म्हणाली, "ने बाई. तुझी नोकरी हाय. मी काय, मी पुना गप बसेन." आणि आत गेली.

प्लासिड खिडकीशी उभा. दाढी वाढलेली, आणि ती त्याला शोभत होती, ह्याचा सालोमीला राग आला. तिने डब्याला हात लावला. बर्फासारखा. तेवढ्यात फोन वाजला.

"सालोमी," संग्रामसर ओरडत होते, "शोकेसचा डबा उघडला मी. त्यात स्प्रिंग आहे! शोकेसच्या डब्यात आपण स्प्रिंग घातलीच नव्हती. मग तू तिकडे काय नेऊन ठेवलंयस?"

लिपस्टिक. तिला लिपस्टिक आठवली.

तिने झाकण उघडलं. स्प्रिंग नव्हती. ढकलायची पट्टी नव्हती. नॅपकिनचा गठ्ठा मागच्या भिंतीला रेलून निवांत पडला होता, तोंडापासून चार बोटं लांब.

"प्लासिड, हा भरताना तुला आत काही कमी वाटलं नाही?"

"मला काय माहीत! मी वरून टाकायचो, झाकण लावायचो. वाटलं, असाच असतो."

दोघं वाकून आत बघत होते. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गठ्ठ्यातला पुढचा नॅपकिन उठला, मधलं रिकामं अंतर संथपणे पार करून आला, आणि टोक बाहेर काढून तोंडाशी उभा राहिला. वाट बघत.

सालोमीने झाकण लावलं, फार अदबीने. म्हणजे इतके दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला नॅपकिन आलोशियस देत होते. एका वेळी एक, न चुकता, बिनपगारी. चाचणीत तिचा डबा पास झालाच नव्हता. आलोशियस झाले होते.

तिने फोन कानाला लावला. "सर, चाचणी परत करावी लागेल. स्प्रिंगवाल्या डब्याची. पहिल्यापासून."

"आणि हा?"

"हा... बाद आहे, सर. ह्याला इथेच सोडते."

पलीकडून साबणाचे डबे असं काहीतरी ऐकू आलं. तिने फोन ठेवला. प्लासिड तिच्याकडे बघत होता.

"परत चाचणी म्हणजे... तुला परत रोज यावं लागेल?"

"कारखान्याच्या कामासाठी."

"आणि चहा?"

"तो कशासाठी होता, ते मला अजून कळलेलं नाही."

ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. आलोशियसची खुर्ची सोडून. तो तिच्या शेजारी बसला, आणि घोट्यांना लागणारा गारवा दोघांनी निमूट सोसला.

"नंदाखालच्या त्या ताटातला एक नॅपकिन आहे माझ्याकडे," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

"रश्श्यातला? शी!"

"धुतलाय."

"कागद धुतलास?"

"प्रयत्न केला. अर्धाच उरला. तो... पाकिटात ठेवतो मी. डबा तेव्हा कुठे होता, सालोमी? तेव्हा तर फक्त तू होतीस. गठ्ठ्याने आलीस."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. एकदमच. दोन्ही एका वेळी येऊ नयेत अशी सोय अजून कोणी काढलेली नव्हती. तिने डोळे पुसायला डब्याकडे हात नेला. पण ओढण्याआधीच —

सर्र...

"दोन!" सालोमी किंचाळली. "दोन आले, प्लासिड! एकदम दोन!"

आले होते. एक सरकत येऊन तिच्यापुढे थांबला, एक त्याच्यापुढे. घडी न मोडलेले.

"एवढ्या दिवसांत कधी झालं नव्हतं असं! काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं," प्लासिड म्हणाला, आणि नॅपकिनसकट तिचा हात हातात घेतला. "दोघं आहोत ना आपण."

तिने हात सोडवला नाही. ढकललाही नाही. खिडकीबाहेर केळीची बाग स्तब्ध होती. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, तरी निळा पडदा एकदा फुगला, कोणीतरी पलीकडून मुठीत धरावा तसा... आणि सैल झाला.

त्यावर चार बोटं उमटली होती. पिवळी, ओली. तीन लांब, एक तोकडं.

दारात लिली उभी होती, हातात कालवणाची पळी. तिने मुलाचा आणि त्या मुलीचा गुंतलेला हात पाहिला. मग पडदा पाहिला.

"आलोशियस!" ती गल्लीभर ऐकू जाईल अशी कडाडली. "पोरांना दिलंस ते चांगलं केलंस. पन पडदा कालच धुतला मी!"

पडदा जरासा मागे सरला. ओशाळल्यासारखा.