पहिल्याच हाकेला

दिवा असू दे, जरा जवळ सरकून बस. सांगते. डोंगरातल्या कुडपण गावाला मी भुताच्या शोधात गेले नव्हते, एका यंत्राचं कौतुक करून घ्यायला गेले होते.

महाडच्या आमच्या कॉलेजात आम्ही कॉम्प्युटरला डोंगरातली बोली शिकवत होतो. पुस्तकी मराठी त्याला तोंडपाठ, पण 'नाय' आणि 'हाय' आलं की गडी गोंधळायचा. खरं तर त्याला समजत काहीच नाही. हजारदा ऐकलेल्यावरून पुढचा शब्द ताडतो, इतकंच. तरी माझा त्याच्यावर जीव. कुडपणच्या आवडीकाकूंनी त्याच्यासाठी कॉलेजच्या फोनमध्ये कितीतरी गप्पा भरल्या, शिव्यांसकट. शेवटी आम्ही त्याला आवाजही त्यांचाच दिला, आणि तो त्यांना ऐकवायला मी गाडी काढली.

ऐकून काकू पोट धरून हसल्या. मग विचारलं, ही ओ कधी देते? पहिल्याच हाकेला, मी ऐटीत सांगितलं. काकूंचं हसू मावळलं. तिथे तिन्हीसांजेला हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय कुणी ओ देत नाही. मेलेलं माणूस तिसरी हाक मारत नाही, आणि त्याला ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं, म्हणतात. रामाकाका, काकूंचे यजमान, धुक्यात म्हैस शोधायला गेले आणि कड्यावरून पडले. तेव्हापासून सांजेला त्यांची हाक येते, असं काकू सांगायच्या. जीव तुटायचा, पण मुंबईतल्या लेकासाठी, सार्थकसाठी, त्यांनी कधी ओ दिली नव्हती.

दिवस कलला. धुकं ओटीवर चढलं, ओल्या शेणाचा वास घेऊन. गोठ्यातली घंटा वाजायची थांबली. ते यंत्र भरलेला कॉलेजचा फोन ओटीवर चालूच होता. तो वारा, पाऊस, कुत्री सगळं गाळून फक्त माणसाचं बोलणं लिहून घेतो. मला काही ऐकू आलं नाही. पडद्यावर मात्र अक्षरं उमटली : आवडे.

"ओ... हाय मी," फोन काकूंच्या आवाजात म्हणाला.

पडद्यावर आलं : येतेस ना?

मी फोन बंद करायला झेपावले. काकूंनी माझं मनगट धरलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"ऱ्हाव दे, बाय... तिला जाव दे. लय दिस एकटे हायेत ते. मी हितं ऱ्हाते, पोरासाठी."

"आले... थांबा जरा," फोन म्हणाला. इतकं हळवं बोलायला त्याला मी शिकवलं नव्हतं. मग तो आपोआप बंद पडला.

काकूंनी मला आग्रहाने भाकरी वाढली, गाडीपर्यंत सोडायला आल्या. त्या धडधाकट होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मेलेला फोन मागच्या सीटवर टाकला आणि घाट उतरायला लागले. पोलादपूरच्या अलीकडे रेंज आली, तशी माझ्या स्वतःच्या फोनवर सार्थकची रिंग.

"ताई, आत्ता आईचा कॉल आला. तुमच्या त्या कॉलेजच्या नंबरवरून. जाम खूश होती. बाबा भेटले म्हणाली... तुम्ही ड्रायव्हिंग करताय का?"

"हो. का रे?"

"ती म्हणाली, ताईला सांग, हळू चालव... बाबांना गाडी लागते."

मी आरशात पाहिलं नाही. मागची काच थोडी खाली केली आणि उरलेला घाट अगदी सावकाश उतरले.