जुन्या सास्तूरला दिलेली हाक

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबा. माझा उजवा खांदा अजून वर जात नाही, तो काय मी हौसेनं मोडून घेतलाय?

मी शिवांजली, कळंबची. आम्ही पिढीजात गोंधळी. धाकटा भाऊ योगीराज संबळ वाजवतो...

वाजवायचा.

वडील गेल्यापासून त्याच्या दोन हातांवर आमचं घर होतं.

गेल्या मार्गशीर्षातला शुक्रवार. धाराशिवात तुळजापूर रोडला एक नवा वाइन बार निघालाय. भिंतभर जुन्या तबकड्या, माणसाएवढे स्पीकर. लोक तिथं प्यायला कमी आणि गाणी ऐकायला जास्त येतात म्हणे. मालक रणधीरला एका संध्याकाळी संबळ हवा होता. मी नाक मुरडलं, पण योगीला एकट्याला कसं सोडू? गेले सोबत.

आमच्यात दिवटी पेटल्याशिवाय संबळावर काडी पडत नाही. रणधीर म्हणाला, "ताई, आत आग नको. आणि देवाबिवाचंही नको. पब्लिक नाचलं पाहिजे, बास."

मी योगीकडं डोळे वटारून बघितलं.

"अक्का, थोड्या वेळाचा तर प्रश्न हाय," तो म्हणाला.

गोंधळात आधी गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतात. देव नकोत म्हटल्यावर या शहाण्यानं डोकं चालवलं. लोकांनाच गाव विचारायचं आणि चालीत हाक मारायची. "कळंबकर, या गोंधळाला! तेरकर, या गोंधळाला!" पब्लिक खूश. शिट्ट्या काय, टेबलं बडवणं काय!

तेवढ्यात मागून आवाज आला. म्हातारीचा, कोरडा.

"आमचं बी गाव घे की, लेकरा."

"कोणतं, आजी?"

"जुनं सास्तूर."

मी वळून बघितलं.

मागं... नुसती भिंत होती.

सास्तूर आहे, नवं वसवलेलं. जुनं त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं. झोपलेली माणसं दगडामातीखाली गेली.

"योगी, नको!" मी ओरडले.

संबळाच्या दणक्यात त्याला ऐकूच गेलं नाही.

"जुन्या सास्तूरकरांनो, या गोंधळाला!"

टेबलांवरचे ग्लास... सगळे एकदम थरथरले.

मग आवाज गेले. लोकांची तोंडं हलत होती, शब्द नाही. स्पीकर मुके. फक्त संबळ.

माझ्या तोंडात माती आली.

आणि कुणीतरी माझा अंबाडा धरून मला खुर्चीवरून खाली खेचलं. हात दिसत नव्हता. बोटं कळत होती, खरखरीत, थंडगार. शेजारच्या पोरीला केसांना धरून फरफटत नेलं. रणधीरला पायांना धरून ओढलं, उंबऱ्यावर त्याचं तोंड आपटलं, दात सांडले. समोरची काच फुटली आणि एकेकाला त्या काचेतून रस्त्यावर फेकलं. रक्तानं फरशी निसरडी झाली होती.

बाहेर पडल्यावर आवाज परत आले. किंकाळ्या. रडणं.

आत संबळ चालूच होता.

"योगी!" म्हणत मी परत आत धावले. दारातच कुणीतरी माझा खांदा धरला... पिळला... हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. तिथंच कोसळले.

योगी मला दिसत होता. रडत होता पोरगं.

"अक्का, हात थांबंनात गं! मी वाजवत न्हाय, हात वाजवायलेत!"

मग कडकड झाली, मातीच्या धाब्याचं घर बसावं तशी.

संबळ थांबला.

योगी बसलेला होता. संबळ कमरेला, धड. छत धड. भिंती धड. त्याचे दोन्ही हात मनगटापासून खाली चेंदामेंदा.

डॉक्टर विचारत होते, कशाखाली सापडले? काय सांगू? त्याच्या अंगावर काहीच पडलं नव्हतं. नखांत मात्र धाब्यावर घालतात तसली पांढरी माती होती.

लोक म्हणतात, सास्तूरच्या मेलेल्यांनी तुम्हाला वाचवलं, घर पडायच्या आत बाहेर काढलं. मला सांगा, पडलं कुठं? बार आजही उभा आहे. मग योगीला का नाही काढलं?

योगी परवा बोलला.

"अक्का, ती आजी माझ्या कानाशी म्हणाली, बोलावलंस, आमी आलो. आता निरोप दे."

गोंधळाला बोलावलेल्याला निरोप द्यावाच लागतो. तो संबळावरच देतात. आणि योगीला काडी धरायला बोट उरलेलं नाही.

सकाळी उठलं की त्याच्या अंथरुणाभोवती माती दिसते. आधी पायाशी असायची. मग पांघरुणावर. काल त्याच्या छातीवर ओंजळभर होती. आज तोंडात. मी बोटं घालून काढली, तेव्हा त्याला श्वास आला.

आमच्यात बायका संबळाला हात लावत नाहीत. मी लावलाय. डाव्या हातानं शिकतेय. निरोपाचा ठेका काही केल्या बसत नाही. चुकला की घरात कुणीतरी... उसासा टाकतं.

योगी मला विचारतो, "अक्का, झोपू का थोडं?"

मी त्याला झोपू देत नाही.