मिरचीचे चार ट्रे

खुर्ची पुढे केली तरी रोपवाटिकेची मालकीण बसली नाही. खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतच तिने सांगितलं.

मिरचीचं बी पेरण्याआधी जस्ताच्या नॅनो खताचे थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवायचं, सावलीत सुकवायचं आणि मग पेरायचं. बी लवकर रुजतं, रोप जोमदार होतं. तिने आणि तिच्या मावसभावाने दोन वर्षं यावर रक्त आटवलं होतं. पाच दिवसांपूर्वी तिने चार ट्रे पेरले, दोन भिजवलेल्या बियांचे, दोन साध्या. आज साधे ट्रे हिरवेगार होते आणि भिजवलेले ओसाड.

"उद्या चाळीस शेतकरी बघायला येतायत. कुणीतरी माझं बी मारलंय, बाई."

गुप्तहेर बाईंनी पिशवी उचलली. आयुष्यभर गणित शिकवूनही बेरजेला वेळ लावणारे त्यांचे सोबती, मास्तर, मागोमाग निघाले.

शेडची किल्ली दाराशेजारी खिळ्यालाच लटकत होती. घरच्या आणि कामावरच्या कुणालाही आत जाता येत होतं. बाई ट्रेमधल्या नावाच्या लाकडी पट्ट्या निरखू लागल्या.

"या किती खोल रोवता?"

"तळाला टेकेपर्यंत. नाहीतर पाणी घालताना पडतात."

चारही पट्ट्यांवर मातीच्या वर बोटभर ओल्या चिखलाचा डाग होता.

खतांच्या गोण्या विकणारा दीर हसला. "वहिनी थेंबाथेंबाने शेती करणार होत्या. काही उगवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. राहू द्या ट्रे, उद्या लोकांनाही दिसू द्या."

माळीकाका डोकं खाजवत म्हणाले, "त्या औषधातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तीस वर्षांत आमची साधी मिरची आठवड्याच्या आत वर आलेली पाहिली नाही. थोडं थांबा, म्हणतो मी."

रसायनशाळेत काम करणारा मावसभाऊ पडेल चेहऱ्याने उभा होता. "ताई, द्रावण तीव्र झालं असेल. चूक माझी. हे ट्रे आत्ताच ओतून टाकू, उद्या शोभा नको." त्याने ओसाड ट्रे उचललासुद्धा.

बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "जरा थांबा."

"दीरच," मास्तर कुजबुजले. "त्याचा धंदा बुडेल."

बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. ओसाड ट्रेमधलं एक बी उकरून त्यांनी नखाने दुभंगलं. आतून ते टणक आणि पांढरंशुभ्र होतं.

"बी जिवंत आहे. हे साधं बी आहे, त्याची वेळ अजून आलेली नाही. पाचव्या दिवशी उगवलेलं ते तुमचं भिजवलेलं. कुणीतरी पट्ट्या बदलल्या. घाईत रोवल्या, त्या तळाला टेकल्याच नाहीत, म्हणून जुना डाग वर राहिला."

"पण दीर..." मास्तर म्हणाले.

"औषध फसणार अशी त्यांची खात्रीच होती, मग पट्ट्या कशाला बदलतील? बदलणाऱ्याला ते चालणार हे पक्कं ठाऊक होतं. माळीकाकांनी बदलल्या असत्या, तर आठवड्याची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली नसती. दोघांपैकी कुणालाही ट्रे हलवायचे नव्हते. घाई एकालाच होती. दोन-तीन दिवसांत ओसाड ट्रे उगवले असते आणि बिंग फुटलं असतं."

मावसभावाच्या हातातला ट्रे हळूहळू खाली आला.

"एका कंपनीने ही पद्धत माझ्याकडे विकत मागितली होती," तो म्हणाला. "एकट्याला. तू नाद सोडला असतास तर... ताई, रोपवाटिका तुझी, लोक नाव घेतात तुझं. माझं कोण घेतं?"

मालकिणीने घरात जाऊन एक छापील कागद आणला. उद्या शेतकऱ्यांना वाटायचा होता तो. खाली ही पद्धत शोधणाऱ्यांची दोन नावं होती. पहिलं त्याचं.

"महिन्यापूर्वीच छापून घेतलेत," ती म्हणाली आणि पेन त्याच्या हातात दिलं. "खोडायचं असेल तर तूच खोड. माझ्याच्याने होणार नाही. नाही खोडलंस, तर झालेलं सगळं उद्या लोकांना तूच सांगायचं."

मास्तरांना कुणाकडे बघावं ते कळेना.

पेनचं टोपण त्याने उघडलंच नाही. "किती वाजता येणार आहेत?"

"आठला."

"मी सातला येतो," तो म्हणाला.