साखळीतलं तिसरं नाव

आमच्या हॅलक काउंटीच्या कचेरीत दर वर्षी पुराची रंगीत तालीम व्हायची, आणि दर वर्षी मी तिला मनातल्या मनात शिव्या घालायचो. हे खूळ व्हर्ना क्येलस्टाडबाईंचं. आयोवातल्या या नदीकाठच्या गावात एक्केचाळीस वर्षं त्यांनी तळघरातली सरकारी दफ्तरं सांभाळली, आणि निवृत्त झाल्यावरही आराखड्यातलं आपलं नाव कोणाला काढू दिलं नाही.

आराखडा म्हणजे पिवळ्या फायलीतली एकोणीस पानं. नदी अठरा फुटांवर गेली की पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला. ऐकणाऱ्याने निरोप शब्दन् शब्द परत म्हणायचा, मग सांगणाऱ्याने म्हणायचं, "बरोबर. आता पुढे." काम झालं की शेवटच्याने पहिल्याला कळवायचं. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून तो थेट टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यातल्या शीतगृहात गोठवायचा. तसं कारखान्याकडून लेखी घेतलेलं होतं.

"जन्माच्या नोंदी टर्कीच्या मांडीला मांडी लावून बसणार!" मी एकदा म्हणालो.

"हस बाबा, हस," बाई म्हणाल्या. "टर्की पुढच्या वर्षी परत मिळते, कर्टिस."

आणखी एक नियम होता. कुठलंही दफ्तर जागेवरून हलवलं की रिकाम्या फळीवर पुठ्ठ्याचं कार्ड ठेवायचं : काय नेलं, कुठे, कोणासाठी, तारीख. शेवटचा रकाना 'परत'. आणि लिहायचं ते पेन्सिलीने, कारण शाई पाण्यात पसरते. कोपऱ्यात बाईंची दोन अक्षरं असायची, व्ही. के.

फेब्रुवारीत बाई गेल्या. पहिला क्रमांक माझा, म्हणजे यादी दुरुस्त करणं माझं काम. मी केलं नाही. चौदा एप्रिलला रंगारी आले, म्हणून तळघरातल्या पश्चिमेच्या खोलीतली दोन दफ्तरं मी स्वतः जिन्याखालच्या कपाटात नेली. कार्ड? उद्या लिहू म्हटलं. मी असाच आहे.

ती दोन दफ्तरं होती जुन्या अनाथगृहाची, आणि त्यांतल्या एकात आमच्या ग्लेंडाच्या आईचं नाव होतं.

ग्लेंडा ऑस्बी, आमची कारकून, वय अडुसष्ट. त्याच अनाथगृहात वाढली. त्या नोंदी कायद्याने बंद होत्या, म्हणून त्यांची नक्कलही कधी काढली गेली नव्हती. या नोव्हेंबरच्या एक तारखेला त्या खुल्या होणार होत्या. पश्चिमेच्या खोलीची किल्ली मात्र बावीस वर्षं ग्लेंडाच्याच खणात होती.

"बावीस वर्षांत एकदाही नाही बघितलंस?" मी एकदा विचारलं.

"बघायचं असतं तर सोपं होतं," ती म्हणाली. "पण मग दुसऱ्या कोणाला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. व्हर्नाबाई सोडून.

मे महिन्यातला रविवार होता. मी पन्नास मैलांवर बहिणीकडे जेवायला गेलेलो. अकरा वाजता शेरीफच्या कचेरीतून फोन आला : नदी अठरावर, पूल बंद. मी दुसऱ्या क्रमांकाला, रस्ते खात्याच्या लॉनी प्रुइटला फोन लावला. त्याने निरोप म्हणून दाखवला. "बरोबर. आता पुढे," म्हणून मी फोन ठेवला.

आणि मग लक्षात आलं. पुढे कोण? पुढे व्हर्नाबाई, आणि त्यांच्यापुढे चौथी ग्लेंडा. आणि ग्लेंडाला कोणी सांगितलंच, तरी ती जाणार पश्चिमेच्या खोलीत; दफ्तरं मी हलवलीत हे तिला ठाऊकच नव्हतं. नदीच्या अंगाची भिंत तिचीच. रिकाम्या फळ्या चाचपत ती तिथे उभी राहणार, दफ्तरं मिळेपर्यंत हलायची नाही. आईचं नाव जाईल, वर हीही जाईल.

मी ग्लेंडाला सव्वीस वेळा फोन लावला. तो लागलाच नाही. बहीण जेवायला बोलावत होती, मी पुन्हा नंबर फिरवत होतो.

बारा चाळीसला फोन वाजला.

"कर्टिस, क्रमांक चार," ग्लेंडाच्या आवाजात धाप होती. "दोन्ही दफ्तरं शीतगृहात. खालून चार बोटं भिजलीत, बाकी ठीक. पश्चिमेची भिंत सव्वाअकरालाच पडली."

"तू त्या खोलीत गेली नाहीस?"

"कशाला जाऊ? निरोपच होता, जिन्याखालच्या कपाटात म्हणून."

"कोणी दिला निरोप?"

मागे शीतगृहाचे पंखे घुमत होते.

"मी सगळा म्हणून दाखवला," ती हळूच म्हणाली. "ती म्हणाली, बरोबर, आता पुढे. तो आवाज ऐकला की मी निघतेच रे. विचार केलाच नाही."

लॉनीला मी नंतर खोदून खोदून विचारलं. "व्हर्नाचा नंबर फिरवला मी," तो म्हणाला. "पहिली रिंग गेली आणि आठवलं, अरे, आपण तिच्या शवपेटीला खांदा दिलाय. ठेवून दिला. म्हटलं ग्लेंडाला तू सांगशील. ट्रक घेऊन पोचलो तर ही पायरीवर बसलेली, दफ्तरं कोटात गुंडाळून."

बाईंचा फोन मार्चमध्येच बंद झाला होता. मी कंपनीत जाऊन विचारून आलो.

जूनमध्ये आम्ही गाळ काढला. पश्चिमेच्या खोलीत एकच फळी जागेवर होती, बोटभर चिखलाने माखलेली. तिच्यावर एक कार्ड होतं.

कोरडं.

दोन दफ्तरं. जिन्याखालचं कपाट. ग्लेंडासाठी. १४ एप्रिल. व्ही. के.

मी ते कोणाला दाखवलं नाही. माझ्या खणात कुलपात ठेवलं.

एक नोव्हेंबरला सकाळी ते काढून खिशात घातलं. दफ्तरं फळीवर परत गेली की शेवटचा रकाना मीच भरणार होतो. एक तरी काम वेळेवर करावं म्हटलं. रकाना कोरा होता. मी दोनदा पाहिला.

वाळवून आलेलं दफ्तर ग्लेंडाने टेबलावर उघडलं. पानं लाटांसारखी झाली होती, अक्षर शाबूत होतं. तिने बोट ठेवून वाचलं. "आई, ओपल ट्रेसी, वय सतरा." खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : मुलीला पाहण्यासाठी दोनदा आली, आत सोडलं नाही.

ग्लेंडाने चष्मा काढला.

"आली होती म्हणजे," ती म्हणाली. "दोनदा." आणि लहान मुलीसारखी रडली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय!

संध्याकाळी दोन्ही दफ्तरं तिने स्वतःच्या हाताने वरच्या मजल्यावरच्या नव्या फळीवर ठेवली. मी पेन्सिल घेतली, खिशातलं कार्ड काढलं.

रकाना भरलेला होता.

परत : १ नोव्हेंबर. व्ही. के.

मी त्यावरून अंगठा फिरवला. शिसं अंगठ्याला लागलं.