डाव्या हाताचं मलम

पोरीचे हात उलटेपालटे करून बघायचे आणि मग सोयरीक ठरवायची, त्या काळातली ही गोष्ट. राज्य निजामाचं होतं. औरंगाबादेत रंगार गल्लीत आमचं घर, आणि अंगणात रंगाच्या चार कढया. सूत असो, पागोटं असो, आधी पापडखाराच्या पाण्यात धुवायचं, मग रंगात बुडवायचं. आई गेलेली, म्हणून कढई सरूआत्याकडं आणि धुणं, रंगवलेलं पिळणं माझ्याकडं. थंडी पडली की त्या मेल्या पाण्यानं माझी बोटं उलायची, नखांचे पापुद्रे सुटायचे. सतरा वर्षांची पोर मी, आणि हात म्हातारीचे. लई राग यायचा, पण काढणार कुणावर?

दिवाळी झाली आणि एक दिवस घरातली रंग पक्का करायची तुरटी संपली. एरवी वडील आणायचे, त्या दिवशी मी गेले. गुलमंडीवर काष्ठौषधीचं दुकान होतं. तिथं दुकानदार म्हाताऱ्याऐवजी त्याचा मुलगा बसला होता, बद्रीनाथ. तो आमच्याच रंगाऱ्यांपैकी, पण त्याच्या आजोबांनी कढई सोडून दुकान टाकलेलं. पुडी घ्यायला मी हात पुढं केला, तर त्यानं पुडी सोडलीच नाही.

"घरात हिरवा रंग चाललाय वाटतं," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"नखं सांगतात ना…" मग हळूच, "लई दुखतं का?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी नाय म्हणलं, आणि माझे डोळे भरले. असली मी.

त्यानं आतून पत्र्याची एक चपटी डबी आणली. मेण, राळ आणि तिळाचं तेल घोटून त्यानं स्वतः केलेलं मलम होतं. छावणीत मडमांसाठी विलायती क्रीम मिळतं म्हणे, पण ते आपल्या बापजन्मी परवडायचं नाय. हे दोन पैशांचं आहे आणि त्याहून गुणाचं आहे, अशी त्यानं फुशारकी मारली. रात्री दोन्ही हातांना चोळायचं, नखांच्या कडेला जास्त, आणि आठ दिवसांनी हात दाखवायला यायचं. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

मग मी दर आठ दिवसांनी जाऊ लागले. सरूआत्याला म्हणायचे, औषध आहे बाई, अर्धवट सोडून कसं चालेल. तो माझे हात बघायचा — नुसते बघायचा, बोट लावायचा नाय — आणि नखांवरून रंग ओळखायचा. कुसुंबी, जांभळा, मोतिया. एकदा त्याची फजिती करावी म्हणून मी राखेनं नखं घासून गेले. नखं पाहून तो म्हणाला, "आज कढई बंद. आज तू नुसती मला भेटायला आलीस." मी डबी उचलून चालू लागले. पण कोपऱ्यावर गेल्यावर हसूच आवरेना.

एकदा त्यानं विचारलं, त्याला कोणत्या रंगाचा फेटा शोभेल. मी म्हणलं, तुमच्या रंगाला अंजिरी. तो म्हणाला, "मग ठरलं… बांधीन तेव्हा अंजिरीच बांधीन."

आता माझं शहाणपण ऐका. मलम खरंच गुणाचं होतं. महिन्याभरात भेगा मिटायला लागल्या. हात बरे झाले तर दुकानात जायचं कशाला? तोही प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, संक्रांतीच्या आत दोन्ही हात बरे व्हायलाच पाहिजेत. मला वाटायचं, याला आपल्या औषधाचीच पडलीय. मग मी काय केलं? मलम फक्त उजव्या हाताला लावू लागले. डावा तसाच ठेवला. डाव्यातून रक्त यायचं, ठणकायचा, आणि मी आपली खूश. तो डावा हात बघून कपाळाला आठ्या घालायचा. राळ वाढवली, तेल बदललं. बिचारा.

संक्रांतीला त्याच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, हळदीकुंकवाला बोलावलं. मी आत्याबरोबर गेले. त्यांनी कुंकू लावलं, उजव्या हाताला अत्तर लावलं, हात जरा धरून ठेवला आणि हसल्या. मग तिळगूळ द्यायला म्हणाल्या, ओंजळ कर. मी ओंजळ केली. त्यांची नजर डाव्या हातावर पडली आणि हसू गेलं. तिळगूळ त्यांनी वरून टाकला, बोट लागू न देता.

त्यानंतर दुकानात म्हातारा दिसू लागला. बद्री जालन्याला गेलाय, एवढंच कळलं. माघात एकदाचा तो दिसला. मी तशीच आत गेले. डबी संपलीय म्हणलं. त्यानं वर पाहिलं नाय.

"जालन्याला माझी सुपारी फुटली, द्वारका."

मग त्यानंच सांगितलं. पहिली डबी दिली त्याच आठवड्यात त्यानं आईपाशी माझा विषय काढला होता. आई म्हणाली, त्या पोरीची नखं झडतात, रक्तात खोट आहे. तो म्हणाला, पापडखाराचा त्रास आहे, मलमानं जाईल. संक्रांतीला दोन्ही हात बरे दिसले नाहीत तर तू म्हणशील तिथं लग्न करीन, असा शब्दच देऊन बसला.

"आई म्हणली, पापडखारात तर दोन्ही हात बुडतात, मग औषधानं एकच कसा बरा होतो? खोट रक्तातच आहे. मी काय सांगणार होतो?"

"डाव्याला मी मलम लावलंच नाही," मी म्हणलं.

"का?"

"बरा झाला असता… तर मला तुमच्याकडं कोण येऊ देणार होतं?"

तो म्हणाला, मला सांगायचं तरी होतंस. मी म्हणलं, आणि तुम्ही? तुम्ही कधी बोललात? सोयरीक मोडली तर जालन्याच्या त्या पोरीला कुणी पदरात घेणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी जायला निघाले, तेव्हा त्यानं एक डबी पुढं सरकवली.

"आता तरी लाव," तो म्हणाला.

मी लावलं. रोज रात्री, रडत रडत लावलं. महिन्याभरात डावा हात उजव्यासारखा झाला.

फाल्गुनात त्याच्या लग्नाचे फेटे आमच्याकडेच रंगायला आले. नवरदेवाचा अंजिरी, असा निरोप होता. आत्या म्हणाली, मी करते, तू राहू दे. मी ऐकलं नाय. फक्त रंगवला मी. माझे हात पुन्हा उलू नयेत म्हणून त्या फेट्याचं धुणं तेवढं आत्यानं केलं.

घ्यायला लक्ष्मीबाई स्वतः आल्या. मी दोन्ही हातांवर फेटा ठेवून पुढं केला. फेटा घेता घेता त्या थांबल्या. माझा डावा हात त्यांनी उलटा केला, सुलटा केला, नखांवरून अंगठा फिरवला.

"हा बरा झाला की गं."

"व्हय. मलम लावलं."

त्यांचा चेहरा उतरला. हात काही त्यांनी सोडला नाही. "मग आधी का नाही लावलंस, बाई?"

मी हात सोडवून घेतला.

"फेटा अजून ओला आहे," मी म्हणलं. "सावलीत वाळवा. उन्हात अंजिरी उडतो."