शिवणयंत्राच्या तळाशी

"साहेब, हे आपलं यंत्र नव्हे," असं संचालकांना म्हणून मेकॅनिकने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाच्या काचपेटीत शहरात बनलेलं पहिलं शिवणयंत्र होतं. सकाळी तेल घालताना त्याने चाक फिरवलं आणि ते हाताला परकं लागलं. अस्सल यंत्र गेलं होतं, त्याच्या जागी नक्कल होती. पेटीची किल्ली मात्र त्याच्याच कमरेला.

"पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. जाता जाता डल्ला मारला," संचालकांनी इन्स्पेक्टरबाईंना सांगितलं. "घेऊन जा त्याला."

एकतीस वर्षांच्या नोकरीची माती होणार होती. पण चोर आपणहून चोरी उघडी करेल? बाईंना ते पटेना. अर्थात, त्यांचा तिथल्या कुणावरच भरवसा नव्हता.

"दुसरी किल्ली कुठे असते?" त्यांनी नोंदणी अधिकाऱ्याला विचारलं.

"माझ्या कपाटात, नोंदवह्यांशेजारी. कुलूप असतं. वह्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही," तो ऐटीत म्हणाला.

"तुम्ही इथे कधीपासून?"

"आठ वर्षं. या इमारतीत संग्रह आला तेव्हापासून."

"वस्तूंवर क्रमांक कसे घालता?"

"जागा बदलली की मेकॅनिक तळाशी नवा रंगवतो. जुना पुसायचा नाही."

"या यंत्राला किती?"

"दोन. नगरभवनातला आणि इथला. वहीत बघा ना!"

बाईंनी बाहेर जाऊन मेकॅनिकलाही तेच विचारलं.

"तीन. मी लागलो तेव्हा काही वर्षं संग्रह ट्राम डेपोत होता, मग परत नगरभवनात, जुन्याच क्रमांकावर. डेपोतली वही पाण्यात गेली."

बाईंनी सगळ्यांसमोर पेटीतलं यंत्र आडवं केलं. तळाशी दोनच क्रमांक.

"नक्कल यंत्र पाहून नाही, वही पाहून बनवलीय," बाई म्हणाल्या. "मेकॅनिकने बनवली असती, तर तिसरा क्रमांक विसरला नसता. वही एकाच माणसाकडे. दुसरी किल्लीही त्याच्याकडेच." त्या नोंदणी अधिकाऱ्याकडे वळल्या. "अदलाबदलीच्या घाईत तुम्ही अस्सल यंत्र उलटून पाहिलं नाहीत, साहेब."

नोंदणी अधिकाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. दुपारी त्याच्या घरच्या माळ्यावर, गादीत गुंडाळलेलं यंत्र सापडलं.

मेकॅनिकने ते दोन्ही हातांनी उलटं धरलं. मधल्या क्रमांकातला सात जरा वाकडा होता.

"नोकरीचा पहिला दिवस. हात थरथरत होता," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

संचालकांनी स्वतः काचपेटीचं दार उघडून धरलं.